डिझेल घोटाळ्याची भरपाई अमेरिकेत आधी आणि जर्मनीत उशिरा का? नागरिक, कंपन्या आणि दोन खंडांची सरकारे

अक्षांश

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर आरोप ठेवला, की कंपनीच्या डिझेल मोटारींत चाचणी चालू असल्याचे ओळखणारे सॉफ्टवेअर बसवलेले आहे. चाचणीपुरते ते नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण आटोक्यात ठेवते आणि गाडी रस्त्यावर आली की नियंत्रण सैल सोडते. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. त्यांपैकी सुमारे ८५ लाख युरोपात होत्या, तर अमेरिकेत जेमतेम पाच लाख.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत १,४७० कोटी डॉलरची तडजोड झाली. ग्राहकाला गाडी कंपनीला परत विकण्याचा पर्याय मिळाला आणि शिवाय किमान ५,१०० डॉलर रोख मिळाले. जर्मनीतील ग्राहकाला मात्र सॉफ्टवेअर बदलून घेण्यासाठी गाडी कार्यशाळेत आणावी, असे पत्र आले. बहुतेकांना पैसे दिसायला २०२० साल उजाडले आणि तेही मोठ्या न्यायालयीन खटाटोपानंतर.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा, की युरोपातील सरकारे नागरिकाच्या बाजूने उभी राहतात आणि अमेरिकेतील सरकार कंपन्यांच्या. वैयक्तिक माहितीचे संरक्षण, विमानप्रवाशांचे हक्क, भरपगारी रजा, अन्नातील रसायने अशा कितीतरी बाबतींत हा समज खराही ठरतो. मग ज्या देशात ही कंपनी जन्मली, तिथेच तिच्या ग्राहकाची एवढी उपेक्षा का झाली? हा अपवाद म्हणायचा, की मुळात आपला समजच अपुरा आहे? येथील अनेक सदस्य दोन्हीकडे राहिलेले आहेत, म्हणून विचारतो.

तिरकस

उत्तर सोपे आहे. परक्याच्या कंपनीला दंड ठोठावताना कोणत्याही सरकारचा हात थरथरत नाही. अमेरिकेने जर्मन मोटारकंपनीला धुतले, युरोप अमेरिकी संगणक कंपन्यांना धुतो आणि दोघेही त्याला नागरिकांचे हित म्हणतात.

दस्तऐवज

तिरकस यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते पुरेसे नाही. १९९८ साली अमेरिकेतील ४६ राज्यांनी तंबाखू कंपन्यांकडून पंचवीस वर्षांत २०,६०० कोटी डॉलर घेण्याचा करार केला, तेव्हा समोर प्रामुख्याने देशी कंपन्याच होत्या. फेसबुकला आजवरचा सर्वांत मोठा खासगीपणाविषयक दंड युरोपने केलेला नाही. तो २०१९ मध्ये अमेरिकेच्याच संघीय व्यापार आयोगाने केला, ५०० कोटी डॉलरचा. आयर्लंडच्या नियामकाने २०२३ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीला, केलेला दंड १२० कोटी युरोचा होता.

मी न्यू जर्सीत कंपन्यांच्या बाजूने कागदपत्रे तयार करण्याचे काम करतो, म्हणजे येथील मंडळींच्या दृष्टीने मी खलनायकाचा कारकून आहे. तिथून पाहता मला फरक वेगळाच दिसतो. युरोपीय पद्धत नुकसान होण्याआधी आडवी येते: परवाना घ्या, चाचणी द्या, सुरक्षितता सिद्ध करा, मगच माल बाजारात आणा. अमेरिकी पद्धत बऱ्याच क्षेत्रांत कंपनीला बाजारात येऊ देते आणि नुकसान झाले की तिला न्यायालयात उभे करते. तिथे सामान्य नागरिकांची ज्यूरी असते, हजारो लोकांचा एकत्रित दावा असतो, कंपनीचे अंतर्गत ईमेल फिर्यादीला द्यावे लागतात, वकील जिंकल्यावरच पैसे घेतो आणि नुकसानीच्या कितीतरी पट दंडात्मक भरपाई लागू शकते. यातले जवळजवळ काहीही जर्मन न्यायव्यवस्थेत त्या रूपात नव्हते. तुमच्या मोटारमालकाला अमेरिकेत जे मिळाले, त्यात सरकारी संस्थांइतकाच या खटल्यांच्या धास्तीचाही वाटा होता.

थोडक्यात, अमेरिकेत नागरिकाचे संरक्षण बऱ्याच अंशी नागरिकाच्याच वकिलाकडे सोपवलेले आहे.

खडीसाखर

आणि वकील नसेल तर?

दस्तऐवज

खडीसाखर, तिथेच तर सगळी मेख आहे. त्यावर सवडीने सविस्तर लिहितो.

उंबरठा

मी स्टुटगार्टजवळ मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात काम करते, त्यामुळे २०१५ चे ते दिवस येथे कसे गेले हे जवळून पाहिले आहे. दस्तऐवज यांच्या मांडणीत मला एक भर घालायची आहे: या प्रकरणात 'आधी आडवे येणे' युरोपात झालेच नाही.

युरोपात गाडीला मान्यता एका देशाने दिली की ती सर्व सदस्य देशांत चालत असे आणि कोणत्या देशाकडे जायचे हे कंपनी ठरवत असे. चाचणीही कंपनीने पैसे मोजलेल्या तांत्रिक संस्थेकडून होत असे. ती करणाऱ्याला पुढचे गिऱ्हाईक गमवायचे नसते, हे वेगळे सांगायला नको. युरोपीय आयोगाच्याच, इटलीतील इस्प्रा येथील संशोधन केंद्राने २०११ मध्ये रस्त्यावर मोजमाप करून दाखवले होते, की डिझेल गाड्या प्रयोगशाळेतील आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक नायट्रोजन ऑक्साइड सोडतात. चार वर्षे त्यावर काहीही घडले नाही. शिवाय नियमही सैल होता. अमेरिकेत त्या गाड्यांना मैलाला ०.०७ ग्रॅमची, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४३ मिलिग्रॅमची मर्यादा होती, तर युरोपच्या तेव्हाच्या युरो-५ मानकात १८० मिलिग्रॅमची.

यातला विरोधाभास असा, की वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून अमेरिकेत गाड्या तपासून घेऊन हे प्रकरण उजेडात आणणाऱ्या संस्थेचा हेतू फोक्सवॅगनला पकडण्याचा नव्हताच. अमेरिकेच्या कडक नियमांमुळे तेथील डिझेल गाड्या स्वच्छ असतील आणि ते उदाहरण युरोपला दाखवता येईल, अशी तिची अपेक्षा होती.

आता सरकारचे. लोअर सॅक्सनी राज्याकडे फोक्सवॅगनचे २० टक्के मताधिकार आहेत आणि देखरेख मंडळावर त्याचे दोन प्रतिनिधी बसतात. १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळतात. म्हणजे फोक्सवॅगनचे मुख्यालय असलेल्या वोल्फ्सबुर्गमध्ये 'नागरिक विरुद्ध कंपनी' अशी रेघ ओढायला गेलात, तर अर्धे नागरिक कंपनीच्या बाजूला उभे दिसतील, कारण त्यांची नोकरी, त्यांची संघटना आणि त्यांच्या राज्याचा महसूल तिथेच आहे. जर्मन सरकारने नागरिकाला वाऱ्यावर सोडले असे मी म्हणणार नाही. त्याने कामगार असलेल्या नागरिकाला जपले आणि ग्राहक असलेल्या, किंवा रस्त्याकडेला श्वास घेणाऱ्या नागरिकाला थांबायला सांगितले.

खडीसाखर

उंबरठाताई, फार चांगला मुद्दा. म्हणजे 'नागरिक' हा एकसंध प्राणी नाही. अमेरिकेत हे उलटे दिसते. तिथे ग्राहकाला वस्तू स्वस्त मिळते, परत केलेला माल निमूटपणे घेतला जातो, परंतु कामगाराला संघीय कायद्याने एक दिवसाचीही भरपगारी वार्षिक रजा नाही. युरोपीय संघात किमान चार आठवडे आहे.

शेवंती

ग्राहक म्हणूनही युरोपच बरा, असा माझा अनुभव. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना विमान खूप उशिरा सुटले. २००४ च्या युरोपीय नियमानुसार अर्ज केला. विमान कंपनीने प्रथम तांत्रिक बिघाडाचे कारण देऊन टाळले, मी नियमाचे कलम लिहून पाठवले आणि काही आठवड्यांनी ६०० युरो खात्यात जमा झाले. वकील नाही, न्यायालय नाही. अमेरिकेतील देशांतर्गत प्रवासात असाच उशीर झाला, तेव्हा जेवणाचे कूपन मिळाले आणि तेही ज्या उपाहारगृहाचे होते ते तोवर बंद झाले होते.

दस्तऐवज यांना विचारायचे आहे, की असल्या लहान रकमांसाठी कोण खटला लढवणार? तिथे आधीच लिहून ठेवलेला ठोस आकडाच उपयोगी पडतो.

तिरकस

कूपन जपून ठेवा, शेवंतीताई. दंडात्मक भरपाई म्हणून ज्यूरी आणखी एक कूपन देईल.

नर्मदातीर

चर्चा वर्तमानात अडकली आहे, म्हणून थोडे मागे नेतो. युरोप कडक आणि अमेरिका ढिली, हे चित्र फार जुने नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांत ते जवळजवळ उलटे होते.

थॅलिडोमाइडचे उदाहरण घ्या. पश्चिम जर्मनीत हे औषध १९५७ पासून झोपेसाठी चिठ्ठीशिवाय विकले जात होते आणि गर्भवती स्त्रियांनी ते घेतल्यामुळे हजारो मुले अविकसित हातापायांनी जन्मली. अमेरिकेत १९६० मध्ये त्याच्या परवान्याचा अर्ज आला, तेव्हा अन्न व औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झालेल्या फ्रान्सेस केल्सी यांनी पुरावा अपुरा असल्याचे सांगून तो पुन्हा पुन्हा परत पाठवला. कंपनीने दबाव आणला, तरी त्या बधल्या नाहीत. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत औषध मागे घेतले गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा बदलून औषध गुणकारी असल्याचा पुरावा देणे कंपनीवर बंधनकारक केले. जर्मनीत सुरक्षिततेचा आणि गुणकारितेचा पुरावा मागणारा परिपूर्ण औषध कायदा १९७६ मध्ये आला. तेथील फौजदारी खटला १९७० च्या डिसेंबरमध्ये निकालाविनाच संपला आणि कंपनीने १० कोटी मार्क देऊन विषय मिटवला.

त्यानंतरची यादीही पाहा. अमेरिकेत स्वच्छ हवा कायदा १९७० चा. शिसेविरहित पेट्रोल लागणाऱ्या गाड्या तिथे १९७५ पासून सर्रास येऊ लागल्या, तर युरोपीय संघाने शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबवली. ओझोनच्या थराला घातक असलेले वायू फवाऱ्याच्या डब्यांत वापरण्यावर अमेरिकेने १९७८ मध्येच बंदी घातली. 'आधी आडवे येणे' ही युरोपची जन्मजात प्रवृत्ती असती, तर हे असे झाले नसते.

चित्र पालटले ते १९८० नंतर. अध्यक्ष रेगन यांच्या काळापासून अमेरिकेत प्रत्येक नियमाला खर्च आणि लाभाच्या तराजूतून जावे लागू लागले. युरोपात नव्वदच्या दशकात ब्रिटनमधील वेड्या गाईंचा रोग, फ्रान्समधील रुग्णांना एचआयव्हीने दूषित रक्त दिल्याचे प्रकरण आणि १९९९ मध्ये बेल्जियमच्या कोंबड्यांत सापडलेले डायॉक्सिन हे विषारी रसायन अशा धक्क्यांनी सरकारी तज्ज्ञांवरचा विश्वास उडाला. जनतेला पुन्हा विश्वास वाटावा म्हणून नियम कडक झाले. संस्कृतीपेक्षा मला हे संकटांचे वेळापत्रक अधिक महत्त्वाचे वाटते.

घड्याळजी

नर्मदातीर यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. दस्तऐवज यांच्या मुद्द्याला आपल्या देशातला एक दाखला जोडतो.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८५ मध्ये भारत सरकारने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि युनियन कार्बाइडविरुद्ध दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाखल केला. एवढा मोठा आणि गुंतागुंतीचा दावा चालवण्यास आपली न्यायव्यवस्था पुरेशी सक्षम नाही, असा युक्तिवाद सार्वभौम भारत सरकारने केला. आमच्या न्यायालयांपेक्षा भारताची न्यायालयेच या खटल्याला योग्य आहेत, असे अमेरिकी कंपनी म्हणत होती. मे १९८६ मध्ये न्यायाधीश कीनन यांनी कंपनीचे म्हणणे मान्य करून खटला भारतात पाठवला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. अमेरिकी न्यायालयाचा धाक कंपनीला किती होता, हे त्या उफराट्या युक्तिवादांवरूनच कळते. तो धाक अमेरिकेच्या सीमेबाहेरील माणसाला मात्र उपलब्ध झाला नाही.

बोरकूट

मला दस्तऐवज यांच्या मांडणीत एक उणीव जाणवते. अमेरिकी माणूस न्यायालयात धावतो तो हौसेने नव्हे. अपघात झाला, औषध बाधले, तर रुग्णालयाचे बिल, बुडालेला पगार, पुढची शुश्रूषा हे सगळे त्याच्या डोक्यावर पडते आणि ते कोणाकडून तरी वसूल केल्याशिवाय त्याला गत्यंतर नसते. जर्मनीत किंवा डेन्मार्कमध्ये उपचार विम्यातून होतात, आजारपणात पगार चालू राहतो आणि अपंगत्व आले तर निवृत्तिवेतन मिळते. त्यामुळे भरपाईची रक्कम लहान असली तरी माणूस रस्त्यावर येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. जे सरकार आजारपणाचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून किंवा सक्तीच्या विम्यातून भागवते, त्याला आजार टाळण्यात रोकडा स्वारस्य असते. अमेरिकेत तो खर्च कुटुंब, मालक, विमा कंपनी आणि सरकार यांच्यात असा विखुरलेला आहे, की एखादे रसायन आज बाजारातून काढल्याने नेमका कोणाचा पैसा वाचेल हे कोणालाच स्पष्ट दिसत नाही.

मिठागर

रसायनांचा विषय निघाला म्हणून लिहितो. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी निर्यातीचे काम पाहतो आणि दोन्ही खंडांना माल जातो, त्यामुळे हा फरक माझ्या टेबलावर रोज असतो.

युरोपात वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक रसायन पाठवायचे, तर २००७ पासून लागू झालेल्या 'रीच' नियमानुसार त्याची नोंदणी हेलसिंकीच्या संस्थेकडे झालेली असावी लागते. आपण युरोपबाहेरचे, म्हणून एकतर आयातदार ती करतो किंवा तिथे एक अधिकृत प्रतिनिधी नेमून आपण करायची. विषारीपणाच्या चाचण्यांची माहिती विकत घ्यावी लागते आणि छोट्या कारखान्याला तो खर्च जड जातो. आमच्या शेजारच्या काहींनी त्यापायी युरोपची बाजारपेठ सोडली. 'माहिती नाही, तर बाजार नाही' असे त्यांचे साधे सूत्र आहे.

अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याने मात्र तेव्हा वापरात असलेली सुमारे ६२,००० रसायने तपासणीशिवाय चालू ठेवली. एखादे काढायचे, तर ते धोक्याचे आहे हे सरकारने सिद्ध करायचे. ॲस्बेस्टॉससारखा सर्वमान्य घातक पदार्थसुद्धा त्यातून निसटला. पर्यावरण संस्थेने १९८९ मध्ये घातलेली बंदी १९९१ मध्ये अपील न्यायालयाने बहुतांशी रद्द केली, कारण कंपन्यांवर कमीत कमी बोजा टाकणारा पर्याय निवडल्याचे संस्थेला दाखवता आले नव्हते. युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. अमेरिकेत तेव्हाही वापरात असलेल्या क्रिसोटाइल प्रकारावर बंदीचा आदेश निघायला मार्च २०२४ उजाडले.

पुरावा कोणी द्यायचा, या एका प्रश्नावर माझ्या मते अर्धा वाद संपतो.

तिरकस

मिठागर यांच्याशी सहमत. तरीही ज्या खंडाने मला प्रत्येक संकेतस्थळावर 'कुकी स्वीकारा' हे बटण दाबायला लावले, त्याच्या दूरदृष्टीबद्दल माझ्या मनात कायम शंका राहील.

दस्तऐवज

खडीसाखर आणि शेवंतीताईंनी विचारलेल्या प्रश्नाकडे वळतो: लहान रकमांसाठी कोण लढणार?

याचे अमेरिकी उत्तर होते एकत्रित दावा. लाखो लोकांचे प्रत्येकी तीस डॉलर बुडाले, तर एक वकील सगळ्यांच्या वतीने उभा राहतो. कॅलिफोर्नियातील एका जोडप्याला 'मोफत' फोनवर ३० डॉलर २२ सेंट विक्रीकर लावला गेला आणि त्यावरून असाच दावा उभा राहिला. परंतु सेवेच्या करारात बारीक अक्षरांत लिहिले होते, की कोणताही वाद खासगी लवादाकडे आणि एकेकट्यानेच न्यायचा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो करार वैध ठरवला आणि आधार घेतला १९२५ च्या लवाद कायद्याचा. तेव्हापासून बँका, फोन कंपन्या आणि नोकरी देणारे मालक यांच्या करारांत हे कलम सर्रास दिसते. मसुदे मीही केलेले आहेत. युरोपात ग्राहकाच्या करारातील असे कलम १९९३ च्या अन्याय्य अटींविषयीच्या निर्देशापुढे टिकणे कठीण.

तेव्हा माझे म्हणणे असे, की अमेरिकेने नागरिकाला सरकारऐवजी न्यायालय दिले होते आणि नंतर त्या न्यायालयाचे दार लहान दाव्यांसाठी बहुतांशी लावून घेतले. फोक्सवॅगनच्या ग्राहकांचे दार उघडे होते, कारण मागे पर्यावरण संस्था, न्याय खाते आणि कॅलिफोर्निया राज्य पूर्ण ताकदीने उभे होते.

खडीसाखर

आणि हे सगळे होऊ दिले जाते, कारण निवडणुकीत पैसा ओतला जातो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालानंतर कंपन्यांना स्वतंत्र प्रचारावर अमर्याद खर्च करता येतो. एवढे साधे कारण सोडून आपण लवादात का शिरतो आहोत?

उंबरठा

कारण पैसा इकडेही बोलतो. २०१३ मध्ये मोटारींच्या कार्बन उत्सर्जनाच्या मर्यादेवर युरोपात जवळजवळ झालेला समझोता जर्मन सरकारने अडवला. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूच्या मालक कुटुंबाने सत्ताधारी पक्षाला ६,९०,००० युरो देणगी दिल्याचे जाहीर झाले. दोहोंचा संबंध पक्षाने नाकारला. वायरकार्ड या ऑनलाइन पैसे हाताळणाऱ्या जर्मन कंपनीचे प्रकरण तर याहून लाजिरवाणे आहे. एका ब्रिटिश वृत्तपत्राने कंपनीच्या हिशेबांवर प्रश्न उपस्थित केले, तेव्हा २०१९ मध्ये जर्मन नियामकाने त्याच्याच पत्रकारांविरुद्ध तक्रार दाखल केली. जून २०२० मध्ये १९० कोटी युरो अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले आणि कंपनी कोसळली.

घड्याळजी

आयर्लंडला का विसरायचे? ॲपलकडून १,३०० कोटी युरोपर्यंत थकीत कर वसूल करा, असा आदेश युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये दिला, तर आयर्लंड सरकार ते पैसे घेणार नाही म्हणून न्यायालयात गेले. २०२४ मध्ये हरले, तेव्हा कुठे पैसे घेतले. घरी आलेली लक्ष्मी परत पाठवण्यासाठी आठ वर्षे वकिलांना फी देणारे हे एकमेव सरकार असावे.

नर्मदातीर

घड्याळजींच्या उदाहरणातच एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. आयर्लंडचे सरकार कंपनीच्या बाजूने होते आणि ब्रुसेल्स, म्हणजे युरोपीय संघ, विरुद्ध बाजूने. हे ब्रुसेल्स असे का वागते?

युरोपीय संघाचा अर्थसंकल्प सदस्य देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का आहे. त्याच्याकडे फौज नाही, निवृत्तिवेतन वाटण्याची यंत्रणा नाही. सामान्य माणसाला आपले अस्तित्व जाणवून देण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे नियम: २०१७ मध्ये रोमिंगचे जादा शुल्क बंद केले, विमानाच्या उशिराचे दर ठरवले, सर्व फोनना एकच चार्जर लावायला भाग पाडले. यात कंपन्यांचाही फायदा असतो, कारण सत्तावीस नियमांऐवजी एकच पाळावा लागतो. शिवाय ब्रुसेल्समधील अधिकाऱ्याला वोल्फ्सबुर्ग किंवा डब्लिनच्या मतदाराला तोंड द्यायचे नसते. वॉशिंग्टनला मात्र प्रत्येक राज्याचे सिनेटर आणि त्यांच्या राज्यातील उद्योग यांच्यातून वाट काढावी लागते.

पायवाट

एवढ्या चर्चेत कोणीही म्हटले नाही, की या संरक्षणाची किंमत असते. संगणक आणि इंटरनेटच्या क्षेत्रातील मोठ्या कंपन्या बहुतेक अमेरिकी का आहेत? युरोपातील तज्ज्ञ पगार पाहून कॅलिफोर्नियाला का जातात? युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी यांच्या २०२४ च्या अहवालाने हेच दुखणे मांडले आहे. २०२५ मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी भरपाई लागू होण्यासाठी लागणाऱ्या विमानाच्या उशिराची मर्यादा तीन तासांवरून चार आणि सहा तासांवर नेण्याची भूमिका घेतली, ती काय उगाच?

शेवंती

पायवाट, संसदेने त्याला विरोध केला हेही लिहा. आणि अमेरिकेत त्याच वर्षी काय झाले? उशिरासाठी रोख भरपाई देण्याचा जो प्रस्ताव आधीच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आणला होता, तो नव्या सरकारने मागेच घेतला. इकडे तीन तास की सहा यावर वाद आहे आणि तिकडे मुळात द्यायचेच की नाही यावर. हा फरक लहान नव्हे.

बोरकूट

पायवाट यांचा मुद्दा मी अर्धा मानतो. कंपन्या मोठ्या न होण्याचे कारण केवळ नियम नाहीत. तुकड्यांत विभागलेली भांडवलबाजारपेठ आणि भाषा हीसुद्धा आहेत आणि हे द्रागींच्याच मांडणीत आहे. रसायने आणि औषधे यांवर सर्वाधिक नियम असूनही तेथील कंपन्या जगात अग्रेसर आहेत.

अक्षांश

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नापुरते मला आता असे वाटते, की फोक्सवॅगन हा अपवाद नव्हता. ती युरोपीय पद्धतीचीच ठरलेली कमकुवत जागा होती. दाराशी पहारेकरी ठेवायचा आणि तो झोपला तर पुढे काय, याची तजवीज करायची नाही. जर्मनीने ग्राहकांसाठी सामूहिक दाव्याचा पहिला कायदा नोव्हेंबर २०१८ मध्ये लागू केला, तोही ग्राहकांच्या दाव्यांची मुदत वर्षअखेरीस संपत होती म्हणून घाईने. त्याच दाव्यातून २०२० मध्ये ग्राहकांना १,३५० ते ६,२५७ युरो मिळाले. सामूहिक दाव्यांचा युरोपीय निर्देश २०२३ पासून लागू झाला आहे. आता गाड्यांची तपासणी आयोग स्वतः करू शकतो आणि गाडीमागे ३०,००० युरोपर्यंत दंड लावू शकतो. म्हणजे युरोप अमेरिकेकडून एक गोष्ट शिकला. अमेरिका युरोपकडून काही शिकली का?

दस्तऐवज

राज्ये शिकली. कॅलिफोर्नियाचा वैयक्तिक माहितीचा कायदा २०१८ चा आहे. २०२३ मध्ये त्याच राज्याने पोटॅशियम ब्रोमेटसह चार अन्नरसायनांवर २०२७ पासून बंदी घालणारा कायदा केला. यांपैकी बहुतेक युरोपात आधीच वर्ज्य आहेत. वॉशिंग्टनकडून सध्या अपेक्षा नाही. आर्थिक ग्राहक संरक्षणासाठी २०१० च्या कायद्याने जी संस्था निर्माण केली, तिचे कामकाज २०२५ मध्ये जवळजवळ ठप्प करण्यात आले.

उंबरठा

अक्षांश, तुमच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. पहारेकरी झोपला नव्हता. तो त्याच घरचा होता, आणि घरचा असेपर्यंत नुसता सामूहिक दावा पुरणार नाही. आयोगाला दंडाचे अधिकार मिळाले हे खरे, परंतु गाडीला मान्यता अजूनही सदस्य देशच देतात.

मिठागर

फोक्सवॅगनच्या भारतातल्या गाड्यांचे काय झाले? त्या तर आपल्याकडेही विकल्या गेल्या होत्या.

घड्याळजी

मिठागर, डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तत्पूर्वी पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेकडे चाचण्यांचे काम सोपवले होते. आपण नियम मोडलेला नाही आणि हे केवळ स्वेच्छेने करत आहोत, अशी कंपनीची भूमिका होती. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड केला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सक्तीच्या वसुलीला स्थगिती दिली. त्या आदेशात मोटारमालकांना द्यायच्या भरपाईचा प्रश्न नव्हता. रक्कम पर्यावरणाच्या हानीपोटी होती.